दुरावलेली भावकी आणि घरची वंशावळ

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आमच्या विभागाकडून आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि ती नातलगांत वाटली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या दुरावलेली भावकी कशी जवळ येते, हे सांगायचे आहे. ऊसवाल्यांचा याच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण संबंध फार जुना आहे. तो पुढे येईलच.

सुरुवात उसापासूनच करू. को ८६०३२ ही जात आपण सारे ओळखतो. तिची आई को ६२१९८ आणि बाप कोसी ६७१. या कोसी ६७१ ची आई क्यू ६३, ती ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. आणि बाप को ७७५, तो कोइमतूरचा. म्हणजे आपल्या बांधावर डुलणाऱ्या उसाची बापाकडची आजी ऑस्ट्रेलियाची झाली! हे आपल्याला कसे कळले? शास्त्रज्ञांनी प्रत्येक जातीचे आईबाप लिहून ठेवले, आणि लिहिलेले कपाटात न ठेवता जगभरच्या ऊस संशोधन केंद्रांना कळवले. एकाने लिहिले, दुसऱ्याने ताडून पाहिले, म्हणून वंश जुळला.

आता माणसांचे बघा. शिवारफेरीत आम्ही सभासदांना सहज विचारतो, तुमच्या पणजोबांचे नाव काय? बरेच जण सांगतात. त्यांना भाऊ किती? इथे अडखळतात. त्या भावांपैकी कोण कुठे गेला? मग एकच उत्तर येते, "गेला म्हनतात छिंदवाड्याकडं. मंग काही पत्ता नाही लागला." पितृपक्षात तीन पिढ्यांची नावे घेतली जातात, चौथीला घर गप्प होते. उसाच्या चार पिढ्या पाठ आणि आपल्या तीनच, ही गोष्ट काही भूषणाची नव्हे.

उसामागे गेलेली माणसे

ऊस आणि दुरावलेली भावकी यांचा सर्वांत मोठा दाखला हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर आहे. डच लोकांनी सन १६३९ मध्ये त्या बेटावर ऊस नेला. पुढे फ्रेंच आले, मग इंग्रज आले, आणि बेटभर उसाचे मळे झाले. मळ्यांवर राबायला आफ्रिकेतले गुलाम होते. गुलामगिरी बंद होणार हे दिसू लागताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. दिनांक २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये. कराराला इंग्रजीत 'अ‍ॅग्रीमेंट' म्हणतात, त्यावरूनच 'गिरमिट' आणि 'गिरमिटिया' हे शब्द झाले.

त्यानंतर सन १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरावर उतरली. कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून गेलेल्यांची संख्या मोठी होती. पण मुंबई बंदरातूनही माणसे गेली, आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी या बाजूची आपली मराठी माणसे होती. हाती कोयता, पायाखाली परका मुलूख, आणि बोली घरची. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तेथे मराठी म्हणून ओळखली जातात. शाळांत मराठी शिकवले जाते. गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते. मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव सन १८९६ मध्ये हेन्रिएटा या गावी भिवाजी नावाच्या कुटुंबाने केला, असे तेथे सांगतात.

आता या 'भिवाजी' शब्दाकडे जरा लक्ष द्या. आपल्याकडे हे माणसाचे नाव आहे, तिकडे ते आडनाव झाले. असे तेथे शेकडो घरांत घडले. बंदरावरच्या कारकुनाने नाव विचारले, माणसाने आपले नाव सांगितले, कारकुनाने इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. पुढच्या पिढीला तेच आडनाव म्हणून चिकटले. मूळचे आडनाव बुडाले. सन १९०० नंतर जन्मलेल्या मुलाला आपण मूळचे कुठल्या भावकीतले हे सांगायला आजा उरला नाही, आणि कागदावरचे आडनाव गावाकडे कुणी ओळखेना.

नोंदीचे एक टोक तिकडे, दुसरे इकडे

असे असूनही मॉरिशसच्या माणसाला एक सोय आहे. इंग्रज सरकारने माणसे राबवली, पण हिशेब चोख ठेवला. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक दिला. त्या क्रमांकासमोर नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज, तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले हे लिहिले. पुढे पुढे छायाचित्रेही काढली. ही दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. ज्या धक्क्यावर माणसे उतरली तो धक्का 'आप्रवासी घाट' या नावाने ओळखला जातो, आणि सन २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. मॉरिशसचा नागरिक संस्थेत जातो, पणजोबांचे नाव सांगतो, आणि नोंदीचा उतारा घेतो.

उताऱ्याने काय होते, तर मोठमोठी माणसे आपल्या मूळ गावी पोहोचली. मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम सन २००८ मध्ये बिहारमधल्या हरिगाव या आपल्या वाडवडिलांच्या गावी आले. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर जानेवारी २०१२ मध्ये बक्सर जिल्ह्यातल्या भेलुपूरला आल्या. तेथून त्यांचे पणजोबा सन १८८९ मध्ये निघाले होते. ही झाली पंतप्रधानांची गोष्ट. पण त्रिनिदादमध्येच शमशू दीन या भूगोलाच्या शिक्षकाने जुनी दप्तरे वाचून तीनशेच्या वर सामान्य कुटुंबांना भारतातली त्यांची घरे शोधून दिली. प्रत्येक वेळी रीत एकच. तिकडचा कागद गावापर्यंत आणतो. गावात आल्यावर पुढचा रस्ता कागद दाखवत नाही, माणूस दाखवतो. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला "आमच्या आज्याचा एक भाऊ टापूवर गेला होता" एवढे आठवत असले तर गाठ पडते. कुणालाच आठवत नसेल, तर पाहुणा वेशीवरची माती रुमालात बांधून परत जातो.

हीच आजच्या लेखाची मुख्य गोष्ट आहे, म्हणून ती सरळ सांगतो. गेलेल्या माणसाकडे दोरीचे एक टोक असते. दुसरे टोक राहिलेल्यांच्या घरी असते. गेलेला कितीही धडपडला, तरी राहिलेल्याने आपले टोक बाहेर काढल्याशिवाय गाठ बसत नाही. आपण सारे राहिलेल्यांच्या घरचे आहोत.

मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने जाहीर केले, की मॉरिशसच्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांनाही परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड मिळू शकेल. सात पिढ्या सांगायच्या म्हणजे कागद आलाच. तेव्हा यापुढे असे शोध घेणारे वाढतील, कमी होणार नाहीत.

'नागपूर' नावाची फसगत

नागपूरकरांनी येथे एक खूण ध्यानात ठेवावी. मजुरांच्या जुन्या कागदांत 'नागपूर' असा शब्द पुष्कळदा दिसतो. तो वाचून आपल्या गावचाच माणूस म्हणून हुरळून जाऊ नये. 'अ‍ॅटलास' जहाजावरचे पहिले मजूर छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले होते. तो भाग आजच्या झारखंडात रांचीच्या बाजूला येतो. त्याच मजुरांना इंग्रजी कागदांत 'धांगर' म्हटले आहे. तोही आपल्याकडचा मेंढपाळ धनगर नव्हे. तेव्हा गावाचे नाव जुळले म्हणजे घर जुळले असे नसते. जिल्हा, परगणा, बापाचे नाव, जात आणि साल, यांतल्या तीन-चार गोष्टी जुळल्या तर पुढे जावे. बेणे घेताना आपण डोळा बघतो, कांडे बघतो, गाभा रंगलेला नाही ना ते बघतो, आणि मगच लावतो. येथेही तसेच.

आपल्याकडची फाटाफूट

कुणी म्हणेल, आमच्या घरचे कोणी जहाजावर चढले नाही. खरे आहे. नागपूरकडची भावकी समुद्रापलीकडे कमी गेली, पण जमिनीवरून पुष्कळ पांगली. सन १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खेड्यातली पोरे सुताच्या कामाला शहरात गेली. रामटेक-मनसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी निघाल्या, तिकडे काही गेली. सौंसर, पांढुर्णा, मुलताई, वारासिवनी हा मुलूख मराठी बोलणारा. तिकडे जमीन स्वस्त म्हणून कुणी गेला, कुणी घरजावई झाला.

त्या वेळी हा सारा एकच प्रांत होता. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती आणि छिंदवाडा, बैतूल, बालाघाट हे आपलेच जिल्हे. सन १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि ते जिल्हे मध्य प्रदेशात राहिले. सोयरीक काही काळ चालली. मग इकडची पोरे मराठीतून शिकली, तिकडची हिंदीतून. पत्रे थांबली. दोन पिढ्यांत चुलत घर 'तिकडचे लोक' झाले. समुद्र आडवा नव्हता, तरी अंतर पडले.

आमच्या एका गटातील सभासदाच्या घरची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. त्यांच्या नातीला अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी जातपडताळणी करायची होती. इतर मागास वर्गासाठी दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहतात. या घरी आजोबा शाळेतच गेले नव्हते, आणि पणजोबांचा कागद घराला लागलेल्या आगीत गेला होता. मुलीने आजीला शेजारी बसवून सात पानांची वंशावळ लिहिली. तिचे छायाचित्र काढून मोबाईलवरून सगळ्या नातलगांना पाठवले, आणि खाली लिहिले, 'यातले कोणी ओळखीचे असेल तर पुढे पाठवा.' एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवले. नवव्या दिवशी सौंसरकडून फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला, "ये जो तुमने तिसऱ्या पानावर लिहिले ना, ते आमचे आबाजी." पणजोबांच्या धाकट्या भावाचे ते घर. त्यांच्या पेटीत सन १९३८ चे एक मोडीतले खरेदीखत होते. त्यात दोन्ही भावांची नावे, बापाचे नाव, जात आणि नागपूर जिल्ह्यातले मूळ गाव, सारे लिहिलेले होते. जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतले आणि तो कागद पुराव्यात लावला. मुलीचे काम झाले. पण आजी त्या कागदाबद्दल फार बोलत नाही. ती म्हणते, "माह्या सासऱ्याच्या काकाचं घर हाये म्हने जितं. आमी त त्याइले मेले समजून पानी सोडत होतो."

कागद कुठे सापडतात

शोध घ्यायचा तर कोठून घ्यावा, हे आम्हांला अनेक जण विचारतात. आपल्या भागापुरते सांगतो.

१. गावची शाळा. जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा फार भरवशाचा कागद. विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि कधी कधी मूळ गावही त्यात असते.

२. तहसील कार्यालय. जुने अधिकार अभिलेख, पेरेपत्रके, फेरफाराच्या नोंदी आणि कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी येथे मागता येतात. आपल्याकडे सन १९५१ पर्यंत मालगुजारी होती. त्याआधीच्या कागदांत कूळ, मालगुजार आणि वहिवाट यांची नावे मिळतात. भावाभावांची वाटणी झाली असेल तर फेरफारात ती स्पष्ट दिसते.

३. दुय्यम निबंधक कार्यालय. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र. यात बापाचे, कधी आज्याचेही नाव असते.

४. पुराभिलेख विभागाची नागपूर येथील शाखा. भोसलेकालीन व इंग्रजी अमलातले जुने दप्तर. जुने मराठी कागद बहुधा मोडीत असतात. वाचणारा जाणकार सोबत असावा.

५. तीर्थक्षेत्रे. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया येथील तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. आपले आबाजी कधी तिकडे गेले असतील तर त्यांनी स्वतः सांगितलेली नावे तेथे सापडतात. रामटेकच्या अंबाळा तलावावर आपल्याकडची पुष्कळ घरे अस्थी घेऊन जातात. तेथेही विचारून पाहावे. हरिद्वारच्या वह्या तर अमेरिकेतील युटा येथील एका संस्थेने सूक्ष्मफितीवर उतरवून घेतल्या आहेत. 'फॅमिलीसर्च' हे त्याच परंपरेतले संकेतस्थळ असून ते मोफत आहे.

६. घरातली म्हातारी माणसे. हे सहावे लिहिले असले तरी काम येथूनच सुरू करावे. रजिस्टर पुढच्या वर्षीही कचेरीत राहील. म्हातारी पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

शहरातल्या लिहित्या-वाचत्या घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापून घेतले. शेतकऱ्याच्या घराण्याचा इतिहास मात्र सातबाऱ्यावर आणि बायकांच्या तोंडी राहिला. कोण कुणाच्या लग्नात रुसले, कुणाला कुठल्या गावी दिले, हे आजीला पाठ असते. म्हणून आजीला आधी विचारा.

लिहावी कशी, वाटावी कशी

लिहिताना मोठी कला लागत नाही. एक दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक माणसासमोर नाव, टोपणनाव, बापाचे व आईचे नाव, जन्म-मृत्यूचे साल, गाव, धंदा आणि कुणीकडे गेला, हे लिहावे. साल ठाऊक नसेल तर 'महापुराच्या वर्षी', 'मिलच्या संपात' असे जे म्हातारे सांगतील ते तसेच टिपावे. साल नंतर ताडता येते. ऐकीव गोष्टीपुढे 'ऐकीव' आणि कागद पाहिलेल्या गोष्टीपुढे 'कागद पाहिला' असे जरूर लिहावे. दोन्ही मिसळले की पुढचा माणूस फसतो.

टोपणनाव का लिहायचे, तर परगावी गेलेला माणूस कोणत्या नावाने गेला हे आपल्याला ठाऊक नसते. घरी 'बंडू', शाळेत 'पुंडलिक', आणि मिलच्या हजेरीवर तिसरेच. मॉरिशसच्या घरांचे काय झाले ते वर पाहिलेच.

मुली, सुना आणि बहिणी यांना वगळू नये. आपल्या जुन्या वंशावळीत बहुधा पुरुषच असतात. मुलीचे नाव गळाले की तिच्यामागचे सारे घर गळते. दुरावलेल्या नातलगांपैकी निम्मे लेकीच्या बाजूने गेलेले असतात, हे विसरू नका. जो मूल न होता गेला, जो रागाने निघून गेला, जिने दुसरा घरोबा केला, त्यांचीही नावे लिहावीत. वंशावळ ही न्यायनिवाड्याची जागा नाही.

वाटताना मात्र सावध राहावे. हयात माणसांचे आधार क्रमांक, बँकखाते, सातबारा, मोबाईल क्रमांक आणि जन्मतारखा वंशावळीसोबत फिरवू नयेत. मयत पिढ्या मोकळेपणाने पाठवाव्यात. हयात पिढीची फक्त नावे, तीही त्या त्या माणसाला विचारून. 'मी तुमच्या पणजोबांचा पणतू' म्हणून कोणी फोन करून पैसे मागू लागला, तर तो नातलग नव्हे असेच समजावे. खरा नातलग आधी नावे विचारतो. मूळ कागद कोणाला देऊ नये, प्रत द्यावी. आणि आपल्याला ज्याने माहिती दिली त्याला पूर्ण झालेली वंशावळ परत पाठवावी. घेणे आणि न देणे हे भावकीत शोभत नाही.

उद्या हिस्सा मागायला आले तर?

खरी अडचण इथे आहे, आणि ती आम्ही दडवत नाही. हा विषय काढला की शिवारात पहिला प्रश्न हाच येतो. "साहेब, काहून उकरून काढता जुनं? उद्या कोनी हिस्सा मागाले येईन."

याचे उत्तर असे. वंशावळ हा मालकीचा दस्त नव्हे. कुणाचे नाव वहीत लिहिल्याने त्याला हक्क मिळत नाही, आणि न लिहिल्याने असलेला हक्क जात नाही. हक्क कायद्याने ठरतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखाच हक्क दिनांक ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झाला. त्या दिवशी वडील हयात असणे जरुरीचे नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. तेव्हा बहिणीचे नाव वंशावळीत न लिहून जमीन राखता येईल, हा समज चुकीचा आहे. उलट वारस नोंदीसाठी खोटी वंशावळ शपथपत्रावर दिली तर तो गुन्हा होतो.

पिढ्यांपूर्वी वाटणी होऊन आपापले घेऊन गेलेल्या घरांत असा वाद सहसा उभा राहत नाही. पण क्वचित एखाद्या घरात खरोखरच कुणाचा हिस्सा राहून गेलेला निघतो, हेही खरे. तेव्हा काय करायचे ते त्या घराने ठरवावे. आम्ही एवढेच म्हणू, की आजी हयात असताना, नाव ठाऊक असताना, चार माणसांत बसून जो वाद मिटतो, तोच वीस वर्षांनी कोर्टात तारखा खातो.

आणि दुसरी बाजूही पाहा. वंशावळ नसल्याने होणारा तोटा आमच्या दप्तरात रोज दिसतो. ऊस नोंदणीला सातबाऱ्यावर आजोबा, भागधारकांच्या यादीत आजोबा, आणि समोर उभा नातू! सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे मयत सभासदाचे भाग नामनिर्देशित व्यक्तीकडे वा वारसाकडे जातात. पण वारस किती आणि कोण, हे घरालाच सांगता आले नाही तर कारखान्याने काय करावे? ज्या घरी वंशावळ लिहिलेली आहे, त्या घरचे काम चटकन होते.

शेवटी विनंती

सभासदांनो, गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. तोडणी, वाहतूक, मग खोडव्याची मशागत. म्हणून हे काम आताच हाती घ्यावे. अक्षय्य तृतीयेला घरोघरी पितरांची घागर भरतो, पितृपक्षात पान वाढतो. ज्याच्या नावाने पाणी सोडतो, त्याचे नाव एकदा वहीत लिहिणे काही जड नाही. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी लेखनिक, घरची म्हातारी सांगणारी. चार संध्याकाळी पुरतात. मग त्याच्या प्रती करून सोयऱ्याधायऱ्यांत पाठवा. सौंसर-पांढुर्ण्याकडे, मिलच्या जुन्या वस्त्यांत, आणि कुणी परदेशात गेलेले असेल तर तिकडेही.

सभासदांच्या सोयीसाठी वंशावळीचे कोरे तक्ते सर्व गट कार्यालयांत ठेवले आहेत. ते मोफत आहेत. भरलेला तक्ता कार्यालयात देण्याची गरज नाही. तो आपल्या घरी आणि आपल्या नातलगांकडे राहावा. लिहिताना अडचण आली तर आमच्या कृषी सहायकांना विचारा. मोडी वाचणारे जे सभासद असतील त्यांनी आपली नावे गट कार्यालयात कळवावीत, म्हणजे इतरांचे कागद वाचायला त्यांची मदत घेता येईल.

लागण कोठेही झाली तरी बेणे कुठल्या मळ्यातून आले हे शेतकरी विसरत नाही. माणसाच्या बाबतीतही तेवढे लक्षात ठेवू या. कुणीतरी कुठेतरी दोरीचे आपले टोक धरून उभा असेल. आपले टोक वहीतून बाहेर काढा.

आपले,
ऊस विकास अधिकारी व विभागातील सर्व सहकारी